ब्रँचला घाबरू नका, रिस्टोअरला घाबरा: गिटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन, वापरायला लागले तेव्हा ब्रँच (कामाची वेगळी वाट) काढताना माझा हात अडखळायचा, आणि मर्ज (दोन वाटा एकत्र) करायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. 'गिट चेकआउट डॉट' ही कमांड मात्र मी बिनधास्त मारायचे, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिने सगळं स्वच्छ होतं. एका शुक्रवारी संध्याकाळी तिने खरोखरच सगळं स्वच्छ केलं. दोन दिवस लिहिलेला आणि एकदाही कमिट न केलेला, म्हणजे गिटच्या इतिहासात न नोंदवलेला, कोड गेला. शनिवार तो परत लिहिण्यात गेला.

माझी भीती नेमकी चुकीच्या जागी होती. एकदा कमिट केलेलं काम गिटमधून हरवणं अवघड असतं, आणि कमिट न केलेलं काम हरवायला एक ओळ पुरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलंय. 'एचईएडी' आलं की ते नेहमी मोठ्या अक्षरांत.

हाताशी काय हवं

- गिट, आवृत्ती २.२३ किंवा पुढची. 'गिट स्विच' (ब्रँच बदलायला) आणि 'गिट रिस्टोअर' (फाइलीतले बदल पुसून आधीचं परत आणायला) या कमांड २०१९ साली या आवृत्तीत आल्या. त्याआधी दोन्ही कामं एकटी 'चेकआउट' करायची, आणि माझा घात त्यातूनच झाला. आवृत्ती बघायला 'गिट --व्हर्जन'.
- टर्मिनल आणि तुमचा नेहमीचा एडिटर.
- कमिटवर दिसेल असं नाव आणि ईमेल.
- काम इतरांबरोबर करणार असाल तर कोड इंटरनेटवर ठेवता येतो अशा गिटहब, गिटलॅब यांसारख्या ठिकाणी खातं. एकट्याने शिकायला त्याची गरज नाही. २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं, तेव्हापासून प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असते. इंटरनेट नसलं तरी कमिट, ब्रँच, मर्ज सगळं चालतं.
- मोडलं तरी चालेल असा एक सरावाचा फोल्डर.

१. रेपो सुरू करा

पहिल्यांदा एकदाच ओळख सांगायची: 'गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.नेम' आणि पुढे अवतरणचिन्हांत नाव. तसंच 'यूजर.ईमेल'. मग फोल्डरमध्ये जाऊन 'गिट इनिट', की तो फोल्डर रेपो होतो, म्हणजे गिट त्याचा इतिहास सांभाळायला लागतं. दुसऱ्याचा रेपो घ्यायचा असेल तर 'गिट क्लोन' आणि पत्ता.

आधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते बघा. 'गिट इनिट' चुकून होम फोल्डरमध्ये चालवलं तर गिट तुमची सगळी कागदपत्रं, फोटो, डाउनलोड एका रेपोत मोजायला लागतं. असं झालंच तर तिथला लपलेला '.गिट' फोल्डर काढून टाकला की काम झालं. पण खऱ्या प्रकल्पातला '.गिट' फोल्डर कधीच काढू नका. अख्खा इतिहास तिथेच असतो.

फाइलींची नावं मराठीत ठेवत असाल तर आणखी एक सेटिंग. 'मसुदा' नावाची फाइल 'गिट स्टेटस'मध्ये (काय काय बदललंय ते दाखवणारी कमांड) \३४०\२४४\२५६ अशा आकड्यांच्या माळेसारखी दिसते. फाइल बिघडलेली नसते, गिट फक्त रोमनबाहेरची अक्षरं आकड्यांत छापतं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' केलं की नाव नीट दिसतं.

२. फाइल कुठे कुठे असते ते ओळखा

इथे थोडा वेळ द्या. नवख्यांचा निम्मा गोंधळ इथलाच असतो.

तुमची फाइल एकाच वेळी तीन जागी असू शकते. एक, फोल्डरमध्ये, जी तुम्ही एडिटरमध्ये उघडता. दोन, स्टेजवर, म्हणजे पुढच्या कमिटमध्ये काय जाणार त्याची तयार यादी. तीन, कमिटमध्ये, म्हणजे इतिहासात पक्की झालेली. 'गिट ॲड' फाइलला पहिल्या जागेवरून दुसरीकडे नेतं, 'गिट कमिट' दुसरीकडून तिसरीकडे.

मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागलेली गोष्ट अशी: 'ॲड' त्या क्षणाची प्रत घेतं. समजा तुम्ही फाइल ॲड केली, मग लक्षात आलं की एक चूक राहिलीय, ती सुधारली, सेव्ह केली आणि कमिट केलं. कमिटमध्ये चूक तशीच जाते, कारण सुधारणा ॲडनंतर झाली. 'गिट स्टेटस' हे आधीच सांगत असतं. एकाच फाइलचं नाव वर हिरव्यात आणि खाली लाल रंगात दिसतं. तसं दिसलं की पुन्हा ॲड करा.

'गिट डिफ' फोल्डर आणि स्टेज यांच्यातला फरक दाखवतं, 'गिट डिफ --स्टेज्ड' स्टेज आणि शेवटचा कमिट यांच्यातला. सगळं ॲड केल्यावर साधं 'गिट डिफ' रिकामं येतं आणि माणूस घाबरतो की बदल गेले कुठे. ते स्टेजवर असतात. कमिटआधी 'डिफ --स्टेज्ड' वाचायची सवय लावून घ्या. राहिलेल्या प्रिंटच्या ओळी आणि चुकून आलेले पासवर्ड तिथेच सापडतात.

३. कमिट लहान ठेवा

एका कमिटमध्ये एकच विचार. लॉगिनची चूक सुधारताना रंगही बदलला असेल तर दोन कमिट करा. दोन्ही बदल एकाच फाइलमध्ये असतील तर 'गिट ॲड -पी' वापरा. तो बदलाचा एकेक तुकडा दाखवून विचारतो: वाय म्हणजे घे, एन म्हणजे सोड, एस म्हणजे अजून बारीक कर.

कमिटबरोबर लिहायच्या मेसेजमध्ये 'बदल केले' असं लिहू नका, ते गिटला माहीतच असतं. 'रिकामा पासवर्ड आल्यावर लॉगिन बंद पडत होतं ते सुधारलं' असं लिहा. मराठीत लिहिला तरी गिटला काही अडचण नाही, टीमला चालतं का ते विचारा.

'-एम' आणि पुढे अवतरणचिन्हांत मेसेज न देता 'गिट कमिट' मारलं की बऱ्याच मशीनवर व्हिम एडिटर उघडतो आणि नवा माणूस त्यात अडकतो. सुटका: एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. मेसेज न लिहिता बाहेर पडलात तर कमिट होत नाही, बाकी काही बिघडत नाही. 'कोअर.एडिटर' या सेटिंगमध्ये आपला एडिटर एकदा टाकला की हा प्रसंग परत येत नाही.

४. काय आत घ्यायचं नाही ते ठरवा

रेपोच्या मुळाशी '.गिटइग्नोर' नावाची फाइल करा आणि तिच्यात दर ओळीला एक नमुना लिहा: तयार होणाऱ्या फाइली, डाउनलोड झालेल्या लायब्ररी, लॉग, आणि पासवर्ड किंवा किल्ल्या असलेल्या फाइली. हे पहिल्या कमिटआधी करा, कारण जी फाइल गिट आधीच सांभाळतंय तिच्यावर '.गिटइग्नोर'चा काही परिणाम होत नाही. ओळ लिहिली तरी फाइल बदलांच्या यादीत येतच राहते.

उपाय: 'गिट आरएम --कॅश्ड' आणि फाइलचं नाव. तुमच्या डिस्कवर ती राहते आणि रेपोतून निघते. मात्र हा कमिट सहकारी पुल करतील, म्हणजे आपल्याकडे ओढून घेतील, तेव्हा त्यांच्या डिस्कवरून ती फाइल उडते. स्थानिक सेटिंगची फाइल असेल तर त्यांना आधी सांगा, नाहीतर सकाळी सगळ्यांचे फोन येतात. मला आले होते.

पासवर्ड चुकून पुश झाला, म्हणजे गिटहबसारख्या ठिकाणी पाठवला गेला, असेल तर फाइल काढून नवा कमिट करणं उपयोगाचं नाही, जुन्या कमिटमध्ये तो तसाच असतो. आधी पासवर्ड बदला. इतिहास साफ करायचं नंतर बघता येईल.

मोठ्या फाइलींचंही असंच. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि पुढच्या कमिटमध्ये ती काढली तरी पुश अडतोच, कारण मधल्या कमिटमध्ये ती आहे. पुश झालेला नसेल तर तो मधला कमिटच नव्याने करावा लागतो.

५. नाव बदलणं, हलवणं, काढणं

'गिट एमव्ही जुनं नवं' आणि 'गिट आरएम नाव'. एवढंच. गिट नावबदल वेगळा नोंदवून ठेवत नाही. फाइलीतला मजकूर पुरेसा सारखा दिसला की नाव बदललं असावं असा अंदाज करतं, आणि मूळ मर्यादा ५० टक्के साम्याची आहे. म्हणून नाव बदलण्याचा कमिट वेगळा करा आणि मजकुरातला मोठा बदल दुसऱ्या कमिटमध्ये. दोन्ही एकदम केलंत तर गिटला एक फाइल मेली आणि दुसरी जन्मली असं वाटतं, आणि जुना इतिहास शोधताना तुम्हालाही तसंच वाटतं.

रिकामा फोल्डर गिट सांभाळत नाही. तो हवाच असेल तर आत एक रिकामी फाइल ठेवतात. '.गिटकीप' हे तिचं नाव निव्वळ रूढीने आलंय.

६. ब्रँच काढा, आणि ती काय आहे ते डोळ्यांनी बघा

माझी समजूत होती की ब्रँच म्हणजे अख्ख्या फोल्डरची झेरॉक्स. म्हणून ती जड वाटायची, जपून काढावीशी वाटायची.

सरावाच्या फोल्डरमध्ये 'गिट स्विच -सी लॉगिन-दुरुस्ती' करा. मग '.गिट' फोल्डरात 'रेफ्स', त्यात 'हेड्स' उघडा. तिथे ब्रँचच्या नावाची एक फाइल दिसेल. एडिटरमध्ये उघडा. आत फक्त एका कमिटचा ४० अक्षरी क्रमांक असतो आणि ओळ संपल्याची खूण. एकूण ४१ बाइट. ब्रँच म्हणजे कमिटवर चिकटवलेली चिठ्ठी. नवा कमिट झाला की चिठ्ठी पुढे सरकते. तुम्ही सध्या कोणत्या चिठ्ठीवर उभे आहात ते 'एचईएडी' नावाच्या दुसऱ्या फाइलीत लिहिलेलं असतं.

हे कळलं की बरंच काही आपोआप सुटतं. ब्रँच फुकट असते, दिवसाला पाच काढा. आणि 'दुरुस्ती' नावाची ब्रँच असताना 'दुरुस्ती/लॉगिन' नावाची ब्रँच का होत नाही तेही कळतं: एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी राहू शकत नाहीत. त्यामुळे तिरकी रेघ वापरायची तर रेघेआधीचा शब्द एकट्या ब्रँचला देऊ नका.

नवी ब्रँच काढण्याआधी मेनवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, जा आणि 'गिट पुल' करा. ब्रँच तुम्ही उभे असाल तिथूनच फुटते. अर्धवट ब्रँचवर उभं राहून दुसरी काढलीत तर पहिलीचे कमिट दुसरीत येतात. काही रेपोत मेनऐवजी मास्टर हे नाव दिसेल, काम तेच.

एक सापळा सगळ्यांना लागतो. कमिट न केलेले बदल ब्रँचचे नसतात, तुमच्या फोल्डरचे असतात. ब्रँच बदललीत की ते तुमच्याबरोबर पलीकडे येतात. टक्कर होणार असेल तर गिट ब्रँच बदलायलाच नकार देतं. 'लॉगिनचं काम मेनमध्ये कसं आलं' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. ब्रँच बदलण्याआधी कमिट करा. अगदीच अर्धवट असेल तर 'गिट स्टॅश -यू' करून बदल तात्पुरते बाजूला ठेवा आणि परत आल्यावर 'गिट स्टॅश पॉप'. '-यू' विसरलात तर नव्या, अजून ॲड न केलेल्या फाइली स्टॅशमध्ये जात नाहीत. मी स्वतः स्टॅशपेक्षा 'अर्धवट' नावाचा कमिट करते. स्टॅशच्या ढिगात तीन आठवड्यांनी काय कुठलं ते कळत नाही.

७. मर्ज करा, कॉन्फ्लिक्ट वाचा

ज्या ब्रँचमध्ये काम आणायचंय तिच्यावर उभं राहायचं आणि दुसरीला आत बोलवायचं: 'गिट स्विच मेन', मग 'गिट मर्ज लॉगिन-दुरुस्ती'. मध्ये मेन हललीच नसेल तर गिट फक्त चिठ्ठी पुढे सरकवतं. हलली असेल तर दोन्हींचे बदल जुळवून मर्ज कमिट होतो.

दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो, आणि फाइलीत असं दिसतं:

<<<<<<< एचईएडी
कमाल प्रयत्न = ५
=======
कमाल प्रयत्न = १०
>>>>>>> लॉगिन-दुरुस्ती

वरचा भाग तुम्ही उभे आहात त्या ब्रँचचा, खालचा आत येणाऱ्या ब्रँचचा. आता यातलं बरोबर कोणतं? नुसतं बघून सांगता येत नाही, कारण मुळात काय होतं ते इथे दिसतच नाही. म्हणून 'गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३' लावा. मग मधे तिसरा भाग येतो: मूळ ओळ. समजा तिथे 'कमाल प्रयत्न = १०' निघालं. म्हणजे ब्रँचने आकडा बदललाच नव्हता, मेनवर कुणीतरी जाणूनबुजून ५ केला. पण मग कॉन्फ्लिक्ट आलाच नसता! कॉन्फ्लिक्ट आला याचा अर्थ मूळ आकडा तिसराच होता, समजा ३. दोघांनीही तो वाढवला. मग प्रश्न गिटचा राहत नाही. त्या दुसऱ्या माणसाला फोन करून विचारावं लागतं.

ठरल्यावर हवी ती ओळ ठेवा, बाकीच्या ओळी आणि सगळ्या खुणा काढा, फाइल ॲड करा आणि 'गिट कमिट' करा. खुणा तशाच ठेवून कमिट केलं तर गिट अडवत नाही. मध्येच हात टेकावेसे वाटले तर 'गिट मर्ज --अबॉर्ट', सगळं मर्जच्या आधीसारखं होतं. म्हणून मर्जला भिण्याचं कारण नाही, फक्त मर्ज सुरू करताना फोल्डरमध्ये कमिट न केलेलं काही ठेवू नका.

कॉन्फ्लिक्ट न आलेला मर्ज जास्त फसवतो. एका ब्रँचमध्ये फंक्शनचं नाव बदललं, दुसरीत वेगळ्या फाइलीत जुन्या नावाने नवा कॉल लिहिला. ओळी वेगळ्या, म्हणून गिट गुपचूप जुळवतं, आणि प्रोग्रॅम पडतो. मर्जनंतर चाचण्या चालवाच.

रिबेसबद्दल (कमिट दुसऱ्या जागी नव्याने लावणं) इथे लिहीत नाही. तुम्ही पुश केलेले आणि इतरांनी घेतलेले कमिट रिबेस करू नका, एवढं तूर्त पुरे.

८. पुश आणि पुल

पहिल्यांदा 'गिट पुश -यू ओरिजिन लॉगिन-दुरुस्ती', नंतर नुसतं 'गिट पुश'. 'रिजेक्टेड' असं आलं तर रिमोटवर, म्हणजे गिटहबसारख्या ठिकाणच्या प्रतीत (तिचंच नेहमीचं नाव ओरिजिन), तुमच्याकडे नसलेले कमिट आहेत. पुल करा, जुळवा, परत पुश करा. अशा वेळी 'फोर्स', म्हणजे जबरदस्तीचा पुश, सुचवणारे भेटतात. फोर्सने दुसऱ्याचे कमिट रिमोटवरून बाजूला पडतात. फक्त स्वतःच्या ब्रँचवर खरंच गरज असेल तर '--फोर्स-विथ-लीज' वापरा. मध्ये दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल तर ते थांबतं. पण नुकतंच फेच केलं, म्हणजे रिमोटचे नवे कमिट न जुळवता फक्त आणले, असेल तर ही राखण ढिली पडते, म्हणून आधी 'गिट लॉग'मध्ये कमिटची यादी बघा.

९. जुन्या ब्रँच आवरा

'गिट ब्रँच -डी नाव', लहान डी. काम मर्ज झालेलं नसेल तर गिट नकार देतं. मोठा डी जबरदस्तीने काढतो. मात्र मर्ज करताना सगळे कमिट एकात दाबले असतील तर काम मेनमध्ये असूनही लहान डी कुरकुरू शकतो, कारण कमिटचे क्रमांक वेगळे असतात. तेव्हा मेनमध्ये काम आलंय हे बघून मोठा डी वापरा. रिमोटवरच्या गेलेल्या ब्रँचची नावं 'गिट फेच --प्रून' ने जातात.

१०. चुकलं तर

चुकून मेनवरच कमिट केला आणि अजून पुश केलेला नाही? चिठ्ठ्या हलवायच्या. 'गिट स्विच -सी नवी-ब्रँच', म्हणजे या कमिटवर नवी चिठ्ठी लागली. मग 'गिट ब्रँच -एफ मेन ओरिजिन/मेन', म्हणजे मेनची चिठ्ठी रिमोटच्या जागी परत गेली. फाइलींना हातही लागत नाही.

ब्रँच चुकून काढली, किंवा 'गिट रिसेट'ने ब्रँच जास्त मागे नेली? 'गिट रीफ्लॉग' मारा. एचईएडी कुठे कुठे फिरलं त्याची यादी येते. हवा तो क्रमांक बघून 'गिट ब्रँच परत-आणलेली' आणि पुढे तो क्रमांक. कुठल्याच ब्रँचमधून न पोचणाऱ्या नोंदीही मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतात, तेव्हा घाबरून रेपो पुन्हा क्लोन करू नका. रीफ्लॉग तुमच्या मशीनवरच असतो, नव्या क्लोनमध्ये तो येत नाही.

'डिटॅच्ड एचईएडी' असं आलं तर तुम्ही चिठ्ठीवर नसून थेट कमिटवर उभे आहात. तिथे काही काम केलं असेल तर लगेच 'गिट स्विच -सी' आणि नवं नाव.

आता रीफ्लॉग जिथे हात वर करतो त्या तीन कमांड. 'गिट रिस्टोअर' आणि फाइलचं नाव किंवा डॉट: स्टेजवर न गेलेले बदल पुसतं. फक्त स्टेजवरून उतरवायचं असेल तर मध्ये '--स्टेज्ड' हवंच, तो एक शब्द विसरला की काम जातं. 'गिट रिसेट --हार्ड': फोल्डर आणि स्टेज दोन्ही पुसतं. ॲड केलेल्या फाइलीचा मजकूर 'गिट एफएसके --लॉस्ट-फाउंड'ने कधीकधी सापडतो, पण नावाशिवाय. आणि 'गिट क्लीन -एफ': गिटला माहीत नसलेल्या फाइली थेट डिस्कवरून काढतं. आधी 'गिट क्लीन -एन' चालवा, काय काय जाईल ते दाखवतं आणि काही काढत नाही.

या तिघींपैकी कोणतीही टाइप करण्याआधी मी 'गिट स्टेटस' बघते, आणि लाल किंवा हिरव्या रंगात काही दिसलं तर 'गिट स्टॅश -यू'. नको असेल तर तो स्टॅश दुसऱ्या दिवशी टाकून देता येतो.